मिसळणाच्या डब्यात सातच वाट्या: कॉम्प्युटरमध्ये आधीपासून काय असावं, हे ठरतं कसं?

परळला आमच्या चाळीत तळमजल्यावर एक अभ्यासिका आहे. पूर्वी तिथं गणपतीचं सामान पडलेलं असायचं, आता दहावी-बारावीची आणि एमपीएससीची मुलं बसतात. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं आणि एक टीव्ही असला की अभ्यास होत नाही, त्यामुळे गिरणगावात अशा अभ्यासिका बऱ्याच आहेत. गेल्या पावसाळ्यात कुणाच्या तरी ऑफिसातून मोडीत निघालेले ८ कॉम्प्युटर आम्हाला मिळाले. हार्ड डिस्क पुसून दिलेल्या, म्हणजे कोरी पाटी. 'तुला यातलं कळतं' असा आरोप माझ्यावर पूर्वीपासून असल्यामुळे त्यांत काय टाकायचं हे ठरवण्याचं काम माझ्याकडे आलं.

मी भाबडेपणानं ग्रुपवर विचारलं, "काय काय हवंय?" रात्री झोपेपर्यंत यादी ६२ नावांवर गेली. फोटोशॉप, टॅली, ऑटोकॅड. तीन वेगवेगळे व्हिडिओ प्लेअर. एकानं दोन अँटिव्हायरस सुचवले होते, 'एकाच्या हातून सुटला तर दुसरा धरेल' म्हणून. पण त्या ६२ नावांत मराठी टायपिंग कुणीही लिहिलं नव्हतं. दारावरच्या पाटीपासून वर्गणीच्या पावतीपर्यंत आमचा सगळा कारभार मराठीत, आणि मराठी कुणालाच आठवली नाही. खजिनदार काकांना विचारलं तर म्हणाले, "अरे, ते असतंच ना त्यात?"

ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, बनवणाऱ्यांची सगळी डोकेदुखी या 'असतंच ना' मध्ये आहे.

आधी थोडी उकल करू. कॉम्प्युटर सुरू केल्यावर समोर दिसतं ते सगळं आपल्याला एकच वस्तू वाटते. तसं नसतं. तळाला कर्नल असतो. तो मेमरी, डिस्क, कीबोर्ड यांच्याशी थेट बोलतो. त्याच्यावर फायली हलवणारे, नेटवर्क जोडणारे, घड्याळ लावणारे बारके प्रोग्राम. त्यावर खिडक्या आणि मेनू. आणि सगळ्यांत वर कॅल्क्युलेटर, ब्राउझर, फोटो बघायचं काहीतरी. विंडोजमध्ये ही उतरंड एकच कंपनी रचते. लिनक्स या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये जगभरातल्या लोकांनी सुटे सुटे लिहिलेले तुकडे कुणीतरी निवडतं, एकमेकांशी जुळवतं आणि गाठोडं बांधतं. त्या गाठोड्याला डिस्ट्रो म्हणतात, आणि सुट्या तुकड्याला पॅकेज. २०२३च्या जूनमध्ये आलेल्या डेबियन १२ या डिस्ट्रोत ६४ हजारांहून जास्त पॅकेजं होती. त्यातली कोणती नव्या मशीनवर पहिल्याच दिवशी, कुणी न मागता जाऊन बसतील? ती म्हणजे डिफॉल्ट इन्स्टॉलेशन. बाकीची कोठारात असतात आणि मागितली की फुकट मिळतात.

मग भांडायचं कशाला? हवं ते ज्यानं त्यानं कोठारातून घ्यावं, असं वाटणं साहजिक आहे. अडचण एवढीच, की बहुतेक माणसं कोठारापर्यंत जातच नाहीत. याचा बाजारभावही आता उघड झालाय. अमेरिकेत गुगलवर चाललेल्या मक्तेदारीच्या खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये निकाल दिला. त्यात नोंद आहे की आपलंच सर्च इंजिन आधीपासून लावलेलं असावं म्हणून गुगलनं २०२१ या एका वर्षात ब्राउझर आणि फोनवाल्यांना मिळून २६.३ अब्ज डॉलर दिले. दुसरं सर्च इंजिन लावायला लागतं किती? सेटिंगमध्ये जाऊन चार वेळा बोट लावायचं. ती चार बोटं माणूस लावत नाही, याची किंमत २६.३ अब्ज डॉलर.

माझ्या आजीकडे पितळेचा मिसळणाचा डबा होता. आत सात वाट्या: मोहरी, जिरं, हळद, हिंग, मेथ्या, तिखट, गोडा मसाला. घरात मसाले सातच होते असं नाही. फळीवर दगडफूल होतं, जायफळ होतं, दिवाळीपुरतं केशर तर कुलपात होतं. पण कढईत तेल तापलेलं असताना हात जिथं न बघता जातो, तिथं फक्त सात. डब्यात जागा मिळवायला मसाला उत्तम असून भागत नाही. तो रोज लागावा लागतो, आणि ऐन फोडणीत नसला तर पंचाईत व्हावी लागते. केशर या परीक्षेत नापास होतं.

उबुंटू नावाच्या लिनक्स डिस्ट्रोचा डबा म्हणजे एक सीडी. ऑक्टोबर २००४ मध्ये या लिनक्सची पहिली आवृत्ती आली तेव्हा अट होती, की सगळं एका सीडीवर मावलं पाहिजे, म्हणजे ७०० एमबीत. पुढे बरीच वर्षं या सीड्या पत्ता कळवला की टपालानं फुकट घरी यायच्या. मुंबईतल्या कितीतरी इंजिनिअरिंग कॉलेजांत लिनक्सची पहिली ओळख त्या पाकिटातून झाली. जागा एवढीच, म्हणून नियमही कडक: एका कामाला एकच प्रोग्राम. एक ब्राउझर, एक मेल, एक गाणी ऐकायचं. याला आमच्या यादीतल्या तीन व्हिडिओ प्लेअरवरचं उत्तर समजा.

या नियमाखाली कोण बाहेर गेलं ते बघण्यासारखं आहे. एप्रिल २०१० च्या १०.०४ आवृत्तीतून गिम्प काढला गेला. गिम्प म्हणजे फोटोशॉपच्या तोडीचा, फुकट मिळणारा, लिनक्सवाल्यांचा मानाचा प्रोग्राम. तोच काढल्यावर आरडाओरडा झाला. काढणाऱ्यांचं म्हणणं असं: घरच्या माणसाला फोटो कापायचा असतो, डोळ्यांतली लाली घालवायची असते, तेवढं फोटोंच्या साध्या प्रोग्राममध्ये होतं. गिम्प ज्याला खरोखर लागतो त्याला त्याचं नाव ठाऊक असतं, तो कोठारातून घेईल. मला हा युक्तिवाद पूर्ण पटतो. ज्याला वस्तूचं नाव माहीत आहे त्याच्यासाठी ती डब्यात ठेवायची गरज नसते. डबा त्याच्यासाठी असतो, ज्याला नाव माहीत नाही आणि नसल्याचं कळलं तरी काय शोधायचं हेही माहीत नाही.

गाण्यांच्या प्रोग्रामची कथा कमी शहाणपणाची आहे. २०११ मध्ये ११.०४ या आवृत्तीत रिदमबॉक्स गेला, बॅन्शी आला. बॅन्शीतून ॲमेझॉनवर गाणं विकत घेतलं की त्यातला वाटा नोम या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेला जायचा. आता तो उबुंटूच्या डब्यात आला म्हटल्यावर उबुंटूमागच्या कॅनॉनिकल कंपनीनं त्या वाट्यातला पाऊण भाग मागितला. वर्षभरात, १२.०४ मध्ये, बॅन्शी गेला आणि रिदमबॉक्स परत आला. वापरणाऱ्यांनी दोन वेळा गाण्यांच्या याद्या हलवल्या, एवढंच त्यांच्या पदरात पडलं.

२०१२च्या ऑक्टोबरात उबुंटूनं सीडीचा हट्ट सोडला. आता उबुंटूची प्रत ५ जीबीच्या वर गेली आहे आणि पेन ड्राइव्हवरून टाकतात. जागेची चणचण संपली म्हणजे यादी सैल सुटायला हवी होती, पण झालं उलटं. ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीपासून पहिला पर्याय लहान इन्स्टॉलेशनचा केला गेला: ब्राउझर आणि गरजेची साधनं. ऑफिसचे प्रोग्राम, मेल वगैरे हवे असतील तर दुसऱ्या पर्यायावर टिचकी मारायची.

असं का, तर जागा हा खर्चातला सर्वांत स्वस्त भाग होता. खरा खर्च आत घेतल्यानंतर सुरू होतो. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती ५ वर्षं सांभाळायची असते. डब्यातल्या प्रत्येक प्रोग्राममध्ये त्या ५ वर्षांत भोक, म्हणजे बाहेरच्याला आत शिरता येईल अशी चूक, सापडलं तर ते बुजवायची जबाबदारी उबुंटूची, मूळ लेखकानं तोवर काम सोडून दिलेलं असलं तरी. म्हणून आत घेण्याआधी त्याची झडती होते: लिहिणारे अजून जागे आहेत का, पूर्वी किती भोकं सापडली, त्याच्या शेपटीला बांधून आणखी किती पॅकेजं येतात. ही शेपटी फार फसवी असते. एक बारका प्रोग्राम हवा म्हणून घ्यावा आणि त्याच्या मागून ४० पॅकेजं घरात शिरावीत, असं सर्रास होतं. लग्नाला एकाला बोलवावं आणि टेम्पो भरून मंडळी यावीत, तसं.

आणि आत असणं वेगळं, चालू असणं वेगळं. हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तोच सगळ्यात कमी बोलला जातो. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं तेव्हा त्यात फायरवॉल होती, म्हणजे बाहेरून येणाऱ्या नको त्या जोडण्या अडवणारी भिंत. पण ती बंद ठेवलेली होती. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे आपला आपण पसरणारा व्हायरस, आला आणि आधीपासून चालू असलेल्या एका सेवेतल्या भोकातून लाखो मशीनमध्ये शिरला. मशीनं आपोआप बंद पडून परत सुरू व्हायची. त्या काळात ज्यांनी सायबर कॅफेत तासाचे पैसे भरलेत त्यांना आठवत असेल. वर्षभरानं, ऑगस्ट २००४ मध्ये, सर्व्हिस पॅक २ हा एक्सपीच्या दुरुस्त्यांचा संच आला आणि त्यात भिंत आपोआप चालू झाली. दार बंद करायची कडी पहिल्यापासून होती, फक्त ती लावलेली नव्हती. ओपनबीएसडी नावाची एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे, ती तर आपली फुशारकीच यावर मारते: आमच्या डिफॉल्ट इन्स्टॉलेशनमध्ये इतक्या वर्षांत दुरून शिरता येईल अशी दोनच भोकं सापडली. तिच्यात जवळजवळ सगळ्या सेवा बंद ठेवून दिलेल्या असतात; ज्याला जी हवी त्यानं ती उघडायची.

आता मराठीकडे येतो, कारण काकांच्या 'असतंच ना' चं उत्तर बरीच वर्षं 'नसतं' असंच होतं.

एक्सपीत देवनागरीची सोय होती, मंगल फाँट होता. पण ती सोय घातलेली नसायची. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या खिडकीत एक चौकट होती, तिच्यावर मजकूर साधारण असा की 'गुंतागुंतीच्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांच्या फायली टाका'. आपली बाराखडी गुंतागुंतीच्या लिप्यांत मोडते, हे कुणाच्या लक्षात यावं? आलंच, चौकटीवर टिचकी मारलीच, तर कॉम्प्युटर म्हणायचा, विंडोजची सीडी घाला. सीडी! लॅमिंग्टन रोडवरून जोडून आणलेल्या मशीनबरोबर सीडी कुठली?

त्या रस्त्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तोंडी लॅमिंग्टन रोड. मशीन बिघडलं की ग्रँट रोडला उतरून डबा बगलेत मारून न्यायचा. दुकानातला पोरगा म्हणायचा, "फॉरमॅट मारून देतो, तासाभरानं या." परत आलं की त्यात विंडोज, ऑफिस, व्हीएलसी, विनरार आणि एक अँटिव्हायरस असायचा. परवान्याचा विषय कुणी काढत नसे. म्हणजे मुंबईतल्या निम्म्या घरांचं डिफॉल्ट अमेरिकेत ठरतच नव्हतं, ते त्या पोराच्या खिशातल्या पेन ड्राइव्हवर ठरत होतं. आणि त्याची पद्धत माझ्यापेक्षा शहाणी होती. तो कुणाला 'काय हवंय' असं विचारत नसे. गिऱ्हाईक परत का आलं, एवढं तो लक्षात ठेवायचा. 'पिक्चर चालत नाही' म्हणून चार जण परत आले, व्हीएलसी यादीत. 'मेलमधली फाइल उघडत नाही' म्हणून आले, विनरार यादीत.

मराठीसाठी मात्र कुणी परत येत नव्हतं. मराठी उमटत नाही म्हणजे काहीतरी घालायचं राहिलंय, असं लोकांना वाटलंच नाही. त्यांना वाटलं, कॉम्प्युटरला मराठी येत नाही. मग ज्यांना अगदी नडलं, त्या डीटीपीवाल्यांनी वेगळे फाँट विकत घेतले. त्या जुन्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या घरात देवनागरीचे आकार बसवलेले असायचे, त्यामुळे तो फाँट नसलेल्या मशीनवर लग्नपत्रिका उघडली की इंग्रजी अक्षरांची भेळ दिसायची. बाकीच्यांनी मेल आणि चॅट सरळ इंग्रजी अक्षरांत सुरू केलं. 'kasa ahes' छापाचं मराठी रोमन लिपीत लिहिण्याची आपल्याला जी सवय लागली, तिच्या मुळाशी ती न टिचकलेली चौकटही आहे, असं माझं ठाम मत आहे. २००७ मध्ये व्हिस्टात देवनागरी आपोआप आली. तोपर्यंत बोटांना वळण लागून गेलं होतं.

लिनक्समध्ये हे थोडं बरं होतं, फार नाही. उबुंटूच्या सीडीवर मोजक्याच भाषांचा मजकूर मावायचा. बाकीच्या भाषांनी इन्स्टॉल झाल्यावर इंटरनेटवरून यायचं. डेबियनमध्ये मराठीचं स्वतंत्र गाठोडं आहे, टाकताना पहिल्या पडद्यावर मराठी निवडली की ते येतं. पण आपल्यातले किती जण तिथं मराठी निवडतात? मी स्वतः आठांपैकी पहिल्या मशीनवर सवयीनं इंग्रजी निवडून पुढं गेलो होतो. दुसऱ्यांना नावं ठेवताना हे सांगून टाकलेलं बरं.

बरं, मग ठरवायचं कसं? लोकांना विचारू नये हे मी शिकलो. मोजावं का? डेबियननं मोजून पाहिलंय. त्यांच्याकडे पॉपकॉन नावाची सोय आहे: ज्याची तयारी असेल त्याच्या मशीनवरून कोणती पॅकेजं आहेत याची यादी जाते, नाव-गाव न सांगता. ती नुसती 'आहे' मोजत नाही; अलीकडे खरोखर उघडलं गेलं का तेही वेगळं मोजते. चांगली सोय आहे, तरी दोन गोम आहेत. एक, आकडे पाठवायला स्वतःहून हो म्हणणारा माणूस मुळात हौशी असतो. खजिनदार काका कधीच हो म्हणणार नाहीत. दुसरी गोम वर्तुळाची आहे. जे आधीपासून घातलेलं असतं ते सगळ्यांकडे सापडतं, म्हणून लोकप्रिय ठरतं, म्हणून पुढच्या वेळी परत घातलं जातं. डब्यात मेथ्या आहेत म्हणून फोडणीत मेथ्या, आणि फोडणीत लागतात म्हणून डब्यात.

डेबियनच्याच नियमावलीत दुसरी एक कसोटी आहे, ती मला जास्त भावते. 'महत्त्वाचं' पॅकेज कोणतं? एखादा मुरलेला युनिक्सवाला (युनिक्स म्हणजे लिनक्स जिच्या वळणावर घडली ती जुनी सिस्टीम) मशीनसमोर बसला आणि ते न दिसल्यावर 'अरे, हे काय चाललंय, अमुक कुठं गेलं?' असं ओरडला, तर ते महत्त्वाचं. नियमावलीत इतकं माणसासारखं वाक्य क्वचित सापडतं. फक्त माझ्यासमोर बसणारी माणसं मुरलेली युनिक्सवाली नव्हती, ती अकरावी प्रवेशाचे फॉर्म भरणारी होती. कसोटी तीच, ओरडणारा बदलायचा.

ओरडणारा बदलला की निवड कशी फिरते याचं उदाहरण फेडोरा या दुसऱ्या एका डिस्ट्रोनं २०२० मध्ये दिलं. हुकूम टाइप करायच्या काळ्या पडद्यावर मजकूर लिहायला तिथं वर्षानुवर्षं व्हीआय हा एडिटर ठरलेला. जाणकारांचा लाडका. पण नवखा माणूस त्यात चुकून शिरला की त्याची अवस्था विरार फास्टमध्ये चढून बोरिवलीला उतरू पाहणाऱ्यासारखी होते. फेडोरा ३३ पासून तिथं नॅनो आला, ज्यात बाहेर कसं पडायचं ते खाली लिहिलेलं असतं. जाणकार कुरकुरले. पण त्यांना व्हीआय परत लावता येतो. अडकलेल्याला नॅनो शोधता येत नव्हता.

डेबियनवाल्यांना तत्त्वाचा घासही गिळावा लागला. वायफायच्या चिपला स्वतःचं एक छोटं सॉफ्टवेअर लागतं, आणि ते बहुतेक वेळा कंपनीचं, बंदिस्त असतं. मुक्त नसलेलं काही अधिकृत प्रतीत नको, असा डेबियनचा बाणा. म्हणून ते नसायचं. मग वायफाय चालत नाही. मग ते सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला इंटरनेट लागतं, आणि इंटरनेट वायफायवर! लॅच लागलेलं दार आणि किल्ली आत, हा प्रकार मुंबईकराला समजावून सांगायला नको. २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेतलं, आणि डेबियन १२ पासून ते सॉफ्टवेअर अधिकृत प्रतीत आलं. डब्यात काही घालताना मी पहिला प्रश्न आता हाच विचारतो: ही वस्तू नसेल तर बाकीच्या वस्तूंपर्यंत पोचता येईल का? येत नसेल, तर ती हवीच, मग तत्त्व काहीही म्हणो.

पैशाबद्दल थोडक्यात, कारण ते ऐकून ऐकून कान किटलेत. फोन-लॅपटॉपवर कंपन्या जे भरून देतात त्यातलं बरंचसं आपल्यासाठी नसतं, भाड्यानं दिलेली जागा असते. त्यातला सर्वांत वाईट नमुना सुपरफिशचा. लेनोवोनं २०१४ च्या शेवटी काही लॅपटॉपांत हे जाहिरातींचं सॉफ्टवेअर भरून दिलं. बँकेच्या पानांसारखी कुलूपबंद पानंही ते मधे बसून उघडायचं, आणि त्याची किल्ली सगळ्या लॅपटॉपांत एकच होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे बाहेर आलं आणि ते काढावं लागलं. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगानं अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला, त्यात आधीपासून भरून दिलेल्या ॲपचा मुद्दा होता. डिसेंबर २०२५ मध्ये तर सरकारच या खेळात उतरलं: नव्या फोनमध्ये 'संचार साथी' आधीपासून हवंच, असं दूरसंचार विभागाचं फर्मान बाहेर आलं, विरोध झाला, आणि काही दिवसांत सक्ती मागे घेतली गेली. ॲप उपयोगाचं की नाही यावर फारसं कुणी भांडलं नाही. डब्यात वाटी कोण ठेवणार यावर भांडण झालं.

कायद्यानं वाटी काढून टाकली की प्रश्न सुटतो, असंही नाही. युरोपियन आयोगानं २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरो दंड केला आणि मीडिया प्लेअर नसलेलं विंडोज विकायला लावलं. किंमत तीच, वस्तू एक कमी. ते कोण घेणार? जवळजवळ कुणी घेतलंच नाही.

आणि एकदा दिलेलं काढणं म्हणजे तर अग्निदिव्य. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं पेंट हा प्रोग्राम निवृत्तीच्या यादीत टाकला, तर जगभर हळहळ झाली आणि तो वाचला. वर्डपॅडसाठी कुणी रडलं नाही; १९९५ पासूनचा तो २०२४ च्या विंडोज ११ मधून गुपचूप गेला.

आमच्या यादीचं शेवटी काय झालं ते सांगतो. ६२ पैकी बहुतेक नावं खोडली. डेबियन, हलकं डेस्कटॉप, फायरफॉक्स, लिबरऑफिस, पीडीएफ वाचायचं एक, व्हीएलसी, स्कॅनचं एक. मराठी फाँट, आणि त्यात 'ल' व 'श' मराठी वळणाचे येतात का, 'दऱ्या' नीट उमटतं का, हे डोळ्यांनी तपासून. इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन कीबोर्ड, म्हणजे कोणत्या कळीवर कोणतं अक्षर याच्या दोन मांडण्या. मग कमिटीत एकाच गोष्टीवर पाऊण तास वाद झाला, तो म्हणजे पत्ते. "अभ्यासिकेत पत्ते?" असं अध्यक्षांनी एकाच सुरात तीनदा विचारलं. मी त्यांना सांगितलं, की १९९० च्या विंडोज ३.० मध्ये सॉलिटेअर आलं ते माउसनं वस्तू धरून ओढायची सवय लोकांना लागावी म्हणूनही. काकांचा हात माउसवर थरथरतो, हे सगळ्यांना दिसत होतं. पत्ते मंजूर झाले, एकाच मशीनवर, काकांच्या खुर्चीसमोरच्या.

लॅमिंग्टन रोडच्या पोराची पद्धत आठवून मी प्रत्येक टेबलापाशी सुतळीनं एक वही बांधली: जिथं अडाल ते लिहा. पहिली ओळ टायपिंगच्या सरकारी परीक्षेला बसणाऱ्या एका मुलीची होती, "दादा, यात रेमिंग्टन कुठंय?" क्लासात ती रेमिंग्टन या टाइपरायटरच्या मांडणीवर शिकते. मी बघितलं तर तो कीबोर्ड मशीनमध्ये होता, पण चालू केलेल्या यादीत नव्हता. फायरवॉलवरचं माझं प्रवचन मीच विसरलो होतो. आठही मशीनवर लावायला दहा मिनिटं लागली.

त्याला आता ७ महिने झाले. फोटोशॉपसाठी एक ओळ आहे, टॅलीसाठी एकही नाही, ऑटोकॅड मागणारा अजून आलेला नाही. 'पत्त्यांचा आवाज बंद करा' असं कुणीतरी लाल पेनानं लिहिलंय. मराठीबद्दल त्या पहिल्या ओळीनंतर कुणी काही लिहिलेलं नाही.

प्रिंटरबद्दल मात्र चार पानं भरली आहेत.